बदल की दुरुस्ती

हॉस्पिटलात सगळे त्याला घरमालक म्हणत. तो स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा आणि त्याचा खरा घरमालक पहिल्या तारखेला जिन्यात खाकरत उभा असायचा, ही गोष्ट वेगळी. नाव पडलं ते त्याच्या कामामुळे.

हॉस्पिटल सरकारचं होतं, पण इमारत सरकारची नव्हती. बांधायची वेळ आली तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. मग एक कंपनी पुढे आली. म्हणाली, आम्ही बांधतो, आम्हीच सांभाळतो, तुम्ही फक्त तीस वर्षं भाडं भरा. कंपनीकडेही स्वतःचा पैसा नव्हताच. तो तिनं देशोदेशीच्या बँकांकडून आणि गुंतवणूकदारांकडून उचलला होता. त्यांच्यापैकी कुणी या हॉस्पिटलचा फोटोसुद्धा पाहिला नसेल. ठरलेला परतावा ठरलेल्या दिवशी आला की त्यांचं काम झालं. तर डॉक्टर सरकारचे, नर्सा सरकारच्या, आजारी माणसं ज्याची त्याची, आणि भिंती, नळ, दिवे, खिडक्या कंपनीच्या. त्या भिंतींची काळजी वाहायला कंपनीनं जो माणूस तळमजल्यावर बसवला होता, तो हा.

भिंतीत खिळा ठोकायचा तरी त्याला विचारावं लागे. लहान मुलांच्या वॉर्डातल्या एका डॉक्टरीणबाईंनी हौसेनं घड्याळ लावलं, तर कंपनीनं एका खिळ्याचं असं बिल पाठवलं की त्यात घड्याळाचं दुकान आलं असतं. तेव्हापासून त्या वॉर्डातलं घड्याळ टेबलावर आडवं पडलेलं असायचं आणि वेळ बघणारा त्यावर वाकायचा.

कंपनीच्या करारात कामाचे दोनच प्रकार होते. असलेली वस्तू मोडली की ती दुरुस्ती. ती कंपनीनं मुकाट्यानं करून द्यायची, कुणाला विचारायची गरज नाही. पण धडधाकट वस्तू वेगळी करून हवी असली, तर तो बदल. बदलाचा अर्ज घरमालकाकडून मुख्य कार्यालयात जाई, तिथून बँकांच्या सल्लागारांकडे, आणि तिथून पुढे कुठे जाई ते देवाला ठाऊक. त्यामुळे कुणीही दारात आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "बदल की दुरुस्ती?" घरी त्यानं कशात मीठ कमी आहे म्हटलं की त्याची बायकोही तेच विचारायची.

माणूस वाईट नव्हता. नाकासमोर चालणारा होता, एवढंच. आई लहानपणीच गेली. ताईनं त्याला वाढवलं, शिकवलं, परीक्षेच्या दिवशी हाताला धरून शाळेच्या दारापर्यंत नेलं. ताई याच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर छातीच्या वॉर्डाची मुख्य नर्स होती. कंपनी माणूस शोधतेय हे तिनंच त्याला कळवलं होतं. "तुला जमेल," ती म्हणाली होती, "तुला लहानपणापासून दुसऱ्यांच्या वस्तू जपायची सवय आहे."

त्या वर्षी छातीचा तो आजार आला. आधी बातम्यांत आला, मग शेजारच्या शहरात, मग तिसऱ्या मजल्यावर. हवेतून पसरतो, हे एव्हाना शेंबड्या पोरालाही कळलं होतं. आणि तिसऱ्या मजल्यावर बाहेरच्या हवेला शिरायला जागाच नव्हती. खिडक्या म्हणजे अखंड उंच काचा. त्यांना ना बिजागरी ना कडी. गारवा बाहेर जाऊ नये आणि विजेचा खर्च कमी यावा म्हणून कंपनीनं त्या तशा बसवल्या होत्या. यंत्र वॉर्डातलीच हवा ओढायचं, गार करायचं आणि परत वॉर्डातच सोडायचं. एकानं खोकावं आणि बाकीच्यांनी ते श्वासात घ्यावं, अशी चोख व्यवस्था होती.

ताई त्याच्या खोलीत आली तेव्हा तिच्याबरोबर वॉर्डातली सगळ्यांत लहान नर्स होती. तिला सगळे धाकटी म्हणत. बाकीचे घरमालक हे नाव त्याच्या पाठीमागे घेत. तोंडावर घेणारी ही एकटीच.

"बाळ्या, खिडक्या उघडायच्यात," ताई म्हणाली.

"त्या उघडत नाहीत, ताई."

"ते मला नको सांगूस. काचा काढ. सगळ्या नको, एकाआड एक काढ. मोठ्या डॉक्टरांचंही तेच म्हणणं आहे. पत्र देतो म्हणालेत."

"पण काचा चांगल्या आहेत. चांगली काच काढायची म्हणजे तो बदल झाला."

धाकटी दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, "काय हो घरमालक, आम्ही काय पोटभाडेकरू ठेवतोय का? जरासा वाराच तर आत घ्यायचाय."

त्यालाही हसू आलं. त्यानं तिच्यासमोरच अर्ज लिहायला घेतला. अर्ज लिहावा तर त्यानंच. मोठ्या डॉक्टरांचं पत्र जोडलं, वॉर्डाचा नकाशा जोडला, वर तातडीचा शिक्का मारला. अर्ज असा झाला की दगडाला पाझर फुटावा. पण मुख्य कार्यालय दगडाचं नव्हतं, माणसांचं होतं.

संध्याकाळी तो कँटीनमध्ये चहाला गेला. तिथली एक काच उन्हाळ्यात कुठल्याशा गाडीच्या चाकाखालचा दगड उडून फुटली होती. फुटकी काच म्हणजे दुरुस्ती, तिला परवानगी नको. पण कँटीनची काच कुणाच्या खिजगणतीत नव्हती, म्हणून ती जागा कधीची उघडीच राहिली होती. तिथे मस्त वारा यायचा आणि त्या टेबलासाठी लोकांची झुंबड असायची. घरमालक कप घेऊन त्याच टेबलावर बसला. वारा तोंडावर आला आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काच चांगली असेल तर ती काढायला देशोदेशीच्या बँकांची संमती हवी. काच फुटलेली असेल तर कुणाचीच नको.

तो विचार त्यानं चहाबरोबर गिळून टाकला. मुद्दाम काच फोडायची म्हणजे ज्याचं खातो त्याच्याच ताटात माती कालवायची. शिवाय मुख्य कार्यालयात बढतीसाठी त्याच्या नावाची चर्चा होती, आणि बायकोनं नव्या घरासाठी पडद्याचं कापडसुद्धा बघून ठेवलं होतं. आणि परवानगी येणारच होती की. अर्ज रीतसर केला होता, शिक्का होता, पत्र होतं. यायला काय झालं?

परवानगी आली नाही, फोन आला. मुख्य कार्यालयातले साहेब बोलायला फार गोड होते.

"तुमचा अर्ज उत्तम आहे. विषय सल्लागारांपुढे ठेवलाय," साहेब म्हणाले. "पण तुम्ही जाणते आहात. खिडक्या उघडल्या की यंत्राची हमी गेली. हमी गेली की विमा गेला. विमा गेला की बँका म्हणणार, आमचं कर्ज आताच्या आता परत टाका. एका वाऱ्यापायी अख्खा व्यवहार उडून जायचा."

"पण साहेब, माणसं आजारी पडताहेत. नर्सासुद्धा."

"त्याचं आम्हालाही फार वाईट वाटतं. पण तो वैद्यकीय विषय झाला. आपण फक्त इमारत बघतो."

तो "बरं साहेब" म्हणाला. रोज फोन करायचा, रोज गोड उत्तर मिळायचं. उंटावरून शेळ्या हाकणारी ती माणसं, त्यांना तिसरा मजला कुठून दिसणार? वॉर्डात ताई रोज विचारायची, "काय झालं?" आणि तो सांगायचा, "प्रक्रिया चालू आहे." प्रक्रिया हा शब्द त्यानं इतक्यांदा वापरला की धाकटी त्याला जिन्यात गाठून विचारायला लागली, "काय घरमालक, प्रक्रियेची तब्येत कशी आहे?"

मग धाकटीलाच ताप आला. ज्या वॉर्डात ती औषधं वाटत होती, त्याच वॉर्डात तिला झोपवलं. तो दाराच्या काचेतून बघायला गेला. तिच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क होता. तिनं त्याला बघितलं, हात वर केला आणि हवेतच खिडकीची कडी सरकवल्यासारखं केलं. डोळ्यांवरून कळत होतं की ती हसतेय. तो खाली गेला आणि त्यानं पुन्हा मुख्य कार्यालयाला फोन लावला. दोन देशांच्या बँकांनी होकार दिला होता, तिसऱ्या देशात सुट्टी होती.

तिसऱ्या देशातली सुट्टी संपायच्या आत धाकटी गेली.

ताईनं तिचे केस विंचरले, चेहरा पुसला, आणि दुसऱ्या रोग्याकडे वळली. भावाशी ती एक शब्द बोलली नाही. त्याला वाटलं, दमली असेल. दोन दिवसांनी ताईच औषधांचं ताट हातात घेऊन उभ्या उभ्या खाली बसली. अंगात ताप होता. धाकटी होती त्याच्या शेजारच्या पलंगावर तिला झोपवलं.

हे त्याला सकाळी फाटकावरच कळलं. तो खोलीत गेला, हत्यारांच्या पेटीतून टोकदार हातोडी काढली आणि हातात दोरीचं भेंडोळं घेतलं. खालच्या गाड्या हलवून घेतल्या, त्या जागेभोवती दोरी बांधली, मग तोंडाला मास्क बांधून तिसऱ्या मजल्यावर गेला. नर्सांना म्हणाला, पलंग मागे ओढा आणि सगळ्यांच्या अंगावर चादरी घाला. त्याचा आवाज असा होता की कुणी कारण विचारलं नाही.

तसल्या कडक काचेच्या मध्यावर खुर्ची हाणली तरी ती उसळून परत येते. तिची नस कोपऱ्यात असते. त्यानं पहिल्या काचेच्या खालच्या कोपऱ्यावर टोक ठेवलं आणि एकच घाव घातला. अख्खी काच खडीसाखरेसारखी दाणे दाणे होऊन ओघळली, आणि बाहेरचा वारा धडधडत आत आला. चादरी फडफडल्या. त्यानं एक काच सोडली आणि पुढची फोडली.

"अहो, हे काय चाललंय?" चादरीतून डोकं काढून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"दुरुस्ती," तो म्हणाला.

मग खाली येऊन त्यानं मुख्य कार्यालयाला फोन केला. आवाज नेहमीचा होता.

"साहेब, तिसऱ्या मजल्यावरच्या काचा फुटल्यात."

"किती?"

"एकाआड एक."

"एकाआड एक कशा फुटतील?"

"त्याचंच मलाही नवल वाटतंय."

कँटीनची काच उन्हाळ्यापासून उघडी होती, पण वॉर्डाची गोष्ट निराळी. वॉर्डातल्या फुटक्या काचेची दुरुस्ती लगेच सुरू झाली नाही तर सरकार भाडं कापतं, असं करारात होतं. त्यामुळे कधी नव्हे ती कंपनी तडफेनं कामाला लागली आणि दुसऱ्याच दिवशी काचवाला दारात हजर झाला. पांढऱ्या मिशांचा, तोंडात काडी धरून बोलणारा माणूस. त्यानं वर जाऊन उघड्या चौकटी बघितल्या, पलंगांवरची माणसं बघितली, मधल्या शाबूत काचा बघितल्या.

"मापं मी घेऊ, की तुम्ही देताय?" त्यानं विचारलं.

"मीच देतो."

काचा आल्या त्या चौकटीहून बोटभर रुंद. कडक काच एकदा भट्टीतून निघाली की ती कापता येत नाही, कापायला जावं तर चुरा होतो. घरमालकानं त्या नापास केल्या. काम नापास करायचा पूर्ण अधिकार त्याला होता, आणि तो त्यानं आजवर कधी इतक्या आनंदानं वापरला नव्हता. काचा परत गेल्या. पुढच्या खेपेला आलेल्या काचा बोटभर अरुंद निघाल्या.

"साहेब, तुमचं बोट फार हलतं," काचवाला म्हणाला.

"वय झालं."

"हलू द्या. मला काय, प्रत्येक खेपेचं गाडीभाडं कंपनी देतेय." आणि त्यानं पुढच्या चुकीच्या मापाचा कागद खिशात घातला.

वॉर्डाचं रूपच पालटलं. रोगी कुरकुरायला लागले, धूळ येते म्हणून, कबुतरं येतात म्हणून, थंडी वाजते म्हणून. कुरकुरण्याइतकी ताकद आली हेच पुष्कळ, असं डॉक्टर म्हणाले. नर्सांपैकी त्यानंतर कुणी पडलं नाही. ताईचा ताप हळूहळू उतरला. तिला घरी सोडलं तेव्हा घरमालक तिला आपल्या दोन खोल्यांत घेऊन आला.

आणि मग वरातीमागून घोडं आलं. बँकांनी संमती दिली, अटी आणि शर्ती लागू. एका वर्तमानपत्रात हॉस्पिटलची बातमी आली होती, तेव्हा कंपनीलाही कंठ फुटला. तिच्या पत्रकात घरमालकाचा फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं की संकटाच्या काळात कंपनीनं स्वतःहून खिडक्या उघडल्या. त्याच पानावर गुंतवणूकदारांसाठी आणखी एक ओळ होती, की या काळातही भाडं पूर्ण जमा झालं असून परताव्याला कुठेही धक्का लागलेला नाही. त्याच्या बायकोनं ते पान कपाटाच्या दारावर चिकटवलं. आल्यागेल्याला ती ते दाखवायची. शेजारी त्याला वाट सोडून द्यायला लागले आणि खऱ्या घरमालकानं जिन्यात खाकरायचं बंद केलं. हे सगळं त्याला आवडत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल.

एका संध्याकाळी ताई उशीला टेकून बसली होती. तिची नजर कपाटावरच्या फोटोवर होती.

"बाळ्या, फुटक्या काचेला परवानगी लागत नाही, हे तुला कधी कळलं?"

"वन्सं, आता कामावरचं नका हो काढू," त्याची बायको म्हणाली. "पानं घेतेय मी."

"तो नियम तर नोकरीला लागल्यापासून ठाऊक आहे," तो म्हणाला.

"नियमाचं नाही विचारत. तो इथे वापरता येईल, हे कधी सुचलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्याचं खोटं ताईनं लहानपणापासून शब्द तोंडातून निघायच्या आत पकडलं होतं.

"तू आणि धाकटी खिडक्यांचं सांगायला आलात ना," तो म्हणाला, "त्याच संध्याकाळी."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"तेव्हा धाकटी चांगली हिंडत-फिरत होती," ताई म्हणाली.

"हो."

"आणि ती पलंगावर पडली, तेव्हाही तुला ठाऊक होतं."

"हो, ताई. मला वाटत होतं, आज परवानगी येईल, उद्या येईल."

"आणि मी पडल्यावर मात्र तुला वाट बघवली नाही."

त्याला एकदम रडू आलं, आणि ताईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"उद्या धाकटीची आई सामान न्यायला येणार आहे," ताई म्हणाली. "तुला भेटायचंय म्हणते. आभार मानायचेत तिला."

"मी सांगतो तिला. सगळं खरं सांगून टाकतो."

"खबरदार!" इतक्या दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदा चढला आणि तिला ढास लागली. पाणी पिऊन ती पुन्हा बोलली, पण हळू. "सांगून तू मोकळा होशील. आणि ती? तिला आत्ता एवढंच ठाऊक आहे, की आजार आला आणि पोर गेली. तेवढंच तिला जड आहे. त्यावर तुझं ओझं टाकू नकोस. जायचं, तिच्यासमोर उभं राहायचं, आणि ती जे देईल ते घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी तो तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सांच्या खोलीत गेला. धाकटीची आई एप्रनांच्या घड्या घालत बसली होती. बाई शिवणकाम करायच्या. घडी घालताना एका एप्रनचा उसवलेला खिसा दिसला, तो त्यांनी दोन बोटांनी जवळ ओढून बघितला आणि मग तसाच पिशवीत ठेवला.

"तुम्हीच का ते घरमालक?" त्या म्हणाल्या.

"हो."

"रोज यायचं तुमचं नाव घरात. म्हणायची, आई, माणूस भित्रा आहे गं, पण चांगला आहे. बघशील तू, एक दिवस उघडतील खिडक्या." त्यांनी उठून त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "आणि उघडल्यात तुम्ही. तिच्या वाट्याला नाही आल्या, पण तिच्या मैत्रिणी वाचल्या. फार मोठं काम केलंत."

तो उभा राहिला. हात सोडवून घेतला नाही. मग त्यानं त्यांची पिशवी उचलली आणि जिना उतरून, फाटक ओलांडून त्यांना बसथांब्यापर्यंत पोचवायला गेला. वाटेत त्या बोलत होत्या, लेकीचं लहानपण, तिची शाळा, तिची थट्टेची खोड. तो ऐकत होता.

बस आली. पायरीवर एक पाय ठेवून त्या वळल्या आणि म्हणाल्या, "तुमचे उपकार मी विसरणार नाही."

"मी काही केलं नाही हो," तो म्हणाला. ते त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, आणि ताईनं बजावलेलं आपण मोडलं की काय, अशी त्याला भीती वाटली.

त्या बाई डोळे पुसत हसल्या. "चांगली माणसं असंच म्हणतात," असं म्हणून त्यांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि त्या आत जाऊन बसल्या.